अर्धवट अपग्रेड

१२ नोव्हेंबर, बुधवार

मालिनीचं मशीन बंद पडलं. मी पाडलं — इथे तरी खरं लिहू.

दुपारी अपग्रेड चालू होतं. तिच्या भाच्याने, गौरांगने, पुण्याहून फोनवर सांगून चालू करून दिलेलं. अर्ध्यावर आलं होतं. ती डोळे मिटून पडलेली. मी उठलो आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. राग नव्हता. काहीच नव्हतं. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली माझी बायको नजरेने एकेक अक्षर निवडते आणि मशीन बोलतं — उशी. पाणी. पाय. कूस. तो आवाज नको झाला होता, एवढंच.

गौरांगला सांगितलं, लाइट गेली.

१३ नोव्हेंबर

कॉम्प्युटर सुरू होतो, तिचं बोलायचं सॉफ्टवेअर उघडत नाही. गौरांग म्हणाला, "काका, आत काय काय बसवलंय त्याची एक यादी असते. ती लिहिली जात असतानाच लाइट गेली. यादीच खराब झालीय."

तो सांगेल ते काळ्या स्क्रीनवर टाइप करत बसलो. दर वेळी तीच इंग्रजी ओळ — यादी वाचता येत नाही.

१४ नोव्हेंबर

जुना अक्षरांचा तक्ता काढला. मी बोट फिरवायचं, हव्या अक्षरावर ती पापणी मिटते. 'मान' एवढं कळायला सात मिनिटं.

भागीबाई तिला अंघोळ घालायला येतात. म्हणाल्या, "ताईंचं काय दुखत असंल तर कसं कळायचं ओ दादा?" कळेल, म्हटलं.

घर शांत. दुपारी गाढ झोपलो. लाज वाटायला हवी होती.

१५ नोव्हेंबर

सकाळी तिचं अंग भाजत होतं. ताप एकशे दोन. डॉक्टर येऊन गेले. लघवीचा संसर्ग. "दोन दिवस तरी जळजळ होत असणार. बोलल्या नाहीत?"

मशीन बंद आहे, म्हणालो.

तक्ता मी दोनदाच समोर धरला होता.

१६ नोव्हेंबर, रविवार

गौरांगला आठवलं — कॉम्प्युटर रोज त्या यादीची एक प्रत वेगळी ठेवतो. शोधली. मंगळवारची मिळाली, अपग्रेडच्या आदल्या दिवसाची. खराब यादी बाजूला केली, तिच्या जागी ही ठेवली. मग राहिलेलं अपग्रेड पूर्ण करायला लावलं. सॉफ्टवेअरचे दोन भाग अडले, ते पुन्हा बसवले. चार तास गेले.

"झालं काका! आत्याला बोलू द्या आता."

आनंद झाला नाही. भीतीही वाटली नाही. मालिनी तापाच्या ग्लानीत होती. तिची नजर टिपणारा कॅमेरा लावून ठेवला.

१७ नोव्हेंबर

ताप उतरला. पहिलं वाक्य जुळवायला तिला बराच वेळ लागला. मी समोर बसून होतो. मशीनने वाचून दाखवलं —

"बटण बंद केलंत तेव्हा मी जागी होते. पुढच्या वेळी आधी विचारा. मी हो म्हणेन."