न संपणारी बाटली

दादा,

आईला घेऊन मी मोठ्या दवाखान्यात चाललेय. शेजारच्या काकांची गाडी खाली उभी आहे. तुझा फोन लागत नाहीये.

शाळा सुटल्यावर घरी आले, तर आई स्वयंपाकघरात रिकाम्या खुर्चीशी बोलत होती. खुर्चीपुढे भरलेला कप. "यांच्या चहात साखर कमी घाल," मला म्हणाली. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली! तिच्या तोंडाला पिकलेल्या फळांसारखा वास येत होता. तिच्या रक्तातली साखर तपासली, तर इतकी वाढलेली की मशीन आकडाच दाखवेना.

फ्रीजमधल्या तिच्या बाटलीला हात लावू नकोस. त्यात इन्सुलिन नाही, पाणी आहे. तिनंच सांगितलं, अगदी सहज. स्वतःचं औषध ती सुईनं काढून तुझ्या इन्सुलिनच्या बाटलीत भरत होती. "माझी बाटली संपतच नाही," म्हणून तू हसायचास. मीही हसले होते.

इन्सुलिनच्या किमतीवर सरकार मर्यादा घालणार, ही बातमी तू तिला वाचून दाखवलीस, तेव्हापासून हे चाललंय. "एक तारखेपासून स्वस्त होणार, तेवढे दिवस काढते," म्हणाली. ती तारीख पुढे ढकलली, हे आपण दोघांनीही तिला सांगितलं नाही.

तुझीही बाटली टाकून दे, त्यात काय काय मिसळलंय कोण जाणे; नवी आण. पूर्ण डोस घे, जेव, मगच ये.

ती जिन्यात थांबलीये. "कुलूप लावू नकोस, ते मागून येताहेत," म्हणतेय.

मी लावलेलं नाही.

छोटी