चौथी सूचना

दि. ४, बुधवार

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

क्लच पूर्ण दाबला तरी ट्रॅक्टर थांबत का नाही, असं तुम्ही विचारलंत. बाबा, मला माहीत नाही. घरातली पहिली पदवीधर म्हणून तुम्ही मला गावभर मिरवलंत, आणि तुमच्या पहिल्याच प्रश्नाला मी नापास झाले. वर्गात मुलं अवघड काही विचारतात तेव्हा उद्या सांगते म्हणून वेळ मारून नेते. तुमच्याशी तसं करवत नाही.

ट्रॅक्टरसोबत आलेलं जुनं पुस्तक मी पुन्हा काढून पाहिलं. तुम्हाला मराठीत लिहून दिलेल्या बाराही सूचना त्यात आहेत तशाच आहेत. चौथी सूचना मी शब्द न् शब्द ताडून पाहिली : थांबायचं असेल तेव्हा क्लच पूर्ण दाबा, ट्रॅक्टर जागेवर थांबेल. चाळीस वर्षांपूर्वीचा, तोही पेट्रोलवर चालणारा ट्रॅक्टर, तेव्हा पेडल सैल झालं असेल असं मला वाटतं. आमच्या शाळेच्या वर्कशॉपमधले फोरमनकाका सुट्टीवर गेले आहेत. सोमवारी आले की त्यांना विचारते.

शेळीवाल्या काकूंनी ट्रॅक्टरची सांगितली ती किंमत तुम्ही निम्म्यावर आणलीत आणि त्या लगेच हो म्हणाल्या, हे वाचून हसू आलं. घासाघीस करायला गडीच मिळाला नाही म्हणून तुम्ही हिरमुसलात, असं आईने लिहिलंय. ट्रॅक्टर नेताना त्या दाराबाहेरसुद्धा आल्या नाहीत, हे मात्र मला जरा चमत्कारिक वाटलं. काका जाऊन वर्षही झालं नाही, म्हणून असेल.

गवत कापायला विळा घेऊन वाकणं संपलं, तुमच्या कमरेला आता सुट्टी, याचा मला किती आनंद झालाय ते लिहून सांगता येणार नाही. माझ्या आग्रहाची लाज राखा आणि जपून चालवा. आईला नमस्कार. लोभ आहेच, तो पत्रागणिक वाढू द्यावा.

तुमची,
नापास लेक


दि. ७, शनिवार

चि. मास्तरीणबाईंस,
अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. गाभण गाय ठीक, तुझी आई तिच्याहून ठीक.

तू लिहून दिलेला कागद प्लास्टिकमध्ये घालून मडगार्डवर डकवला आहे. गावातले लोक येऊन वाचतात. अक्षर मोत्यासारखं आहे असं म्हणतात, मग मी आणखी दोन-चार जणांना बोलावतो. घरामागचं कुरण दीड तासात उरकलं. मागचं पातं असं फिरतं की गवत पडल्याचं गवतालाही कळत नाही. मला हे काम दोन दिवस पुरायचं.

क्लचचं तू मनाला लावून घेऊ नकोस. कागद चुकीचा नाही, पाय चुकीचा आहे. जन्मभर बैल हाकणाऱ्याचा पाय तो, यंत्राची भाषा त्याला कुठली यायला. पातं चालू नसलं तर गाडी शहाण्यासारखी थांबते. पातं फिरत असलं की क्लच दाबूनही पाच पावलं जाते. परवा दहा गेली आणि कुंपणाचा एक खांब घेऊन गेली. तू 'पूर्ण दाबा' असं लिहिलंस, म्हणून मी विचार केला की माझंच वजन कमी पडतंय. आता दोन्ही पाय क्लचवर ठेवून उभा राहतो.

हत्यारांची पेटी उघडली. दोन पाने, एक ग्रीसचा डबा, आणि तपकिरीच्या डबीत फडक्यात गुंडाळलेला अंगठ्याएवढा तपकिरी तुकडा, वर पितळेची पट्टी. कशाचा आहे कोण जाणे. म्हाताऱ्याने जपून ठेवलाय म्हणजे कामाचाच असणार, म्हणून परत ठेवला.

आता वरचं कुरण घेतो. खाणीकडचा उतार शेवटी. तिथे गवत कमरेएवढं झालंय आणि खाण पाण्याने भरलेली आहे, त्यामुळे आधी हात बसू दे.

लोभ आहे, व्याजासकट आहे.

तुझे बाबा

ता. क. हे मी, आई, लिहिते आहे. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय, म्हणून. ह्यांची उजवी नडगी गुडघ्यापासून खाली काळीनिळी आहे. खांबाचं सांगितलं, पायाचं लिहिलं नाही. मी सांगितलं असं म्हणू नकोस.


दि. १०, मंगळवार

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र उभ्याने वाचत असाल तर बसा. आणि दोन्ही पाय क्लचवर ठेवून उभं राहणं आजपासून बंद करा.

फोरमनकाकांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. 'दोन्ही पाय' हे शब्द आले तसा त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. दोन्ही पाय तिथे, तर ब्रेकवर कोण आहे, असं त्यांनी विचारलं. मग फळ्यावर आकृती काढून दाखवली. क्लच फक्त इंजिनाला सोडवतो. मागचं पातं मणभर लोखंडाचं. एकदा फिरायला लागलं की इंजिन सुटलं तरी ते फिरतच राहतं, आणि या जुन्या गाड्यांमध्ये ते गिअरमधून थेट चाकांना जोडलेलं असतं. म्हणजे तुम्ही गाडी थांबवता आणि पातं तिला मागून ढकलत नेतं. उतारावर तर विचारायलाच नको. तुमचा पाय चुकलेला नाही, बाबा. याला जडत्व म्हणतात. नववीच्या वर्गाला मी ते दर वर्षी शिकवते.

आता माझा गुन्हा. पुस्तकाच्या शेवटी चार पानं होती. वर नांगर, पाती, ट्रॉली यांची चित्रं होती. कंपनीची जाहिरात असेल असं समजून मी ती वाचलीच नाहीत. काल वाचली. दुसऱ्या पानावर ठळक चौकटीत हेच लिहिलंय : फिरणारं पातं जोडलेलं असताना क्लचवर विसंबू नये. तुम्हाला तुमचे पाय खरं सांगत होते, आणि तुम्ही माझ्या अक्षरावर विश्वास ठेवलात.

याला उपाय आहे. सायकलचं पॅडल थांबवलं तरी मागचं चाक मोकळं फिरतं ना, तसला एक फ्री-व्हीलचा भाग पात्याच्या दांड्यावर बसतो. फोरमनकाकांनी मागवला आहे, यायला तीन आठवडे लागतील. तोवर पातं जोडू नका. ही तेरावी सूचना समजा आणि पहिल्या बारांच्या वर लिहा.

फोरमनकाकांनी आणखी एक विचारलं. ही गाडी आधी चालवणाऱ्याचं काय झालं? शेळ्यांमागे जाताना काका खाणीत घसरले असं आपण ऐकलं होतं, तेच मी सांगितलं. शेळ्यांमागे की ट्रॅक्टरवर, असं त्यांनी पुन्हा विचारलं. काकूंना आजच पत्र टाकलं आहे.

लोभ असू द्या, आणि पाय जमिनीवर असू द्या.

तुमची लेक


दि. १३, शुक्रवार

चि. मास्तरीणबाईंस,
आशीर्वाद आणि शाबासकी.

पाय निर्दोष सुटला, हे वाचून फार बरं वाटलं. तुझ्या आईला दोनदा वाचून दाखवलं. चार पानांचं एवढं काय घेऊन बसलीस? मीही जन्मभर पावत्यांची मागची बाजू वाचली नाही.

रोग कळला की निम्मा बरा झाला. आता डावा पाय क्लचवर, उजवा ब्रेकवर. पातं जोडून अंगणात सराव केला. तीन आठवडे मात्र गवत थांबणार नाही. खाणीकडच्या उताराला तुरे आलेत. बी धरलं की काडी कडक होते, मग गाई नुसत्या हुंगून पुढे जातात आणि भर थंडीत माझ्याकडे बघतात. तुझं पुस्तक त्यांनी वाचलेलं नाही. वरचं कुरण झालं. पातं लोहाराकडे धार लावायला दिलंय, ते २१ला मिळेल. २३ला सोमवारी सकाळी तेवढा उतार उरकतो, मग फ्री-व्हील येईपर्यंत हात लावणार नाही. शब्द देतो. तू आदल्या रविवारी ये, जेवून जा.

लोभाचं काय लिहू, तो कुठे जात नाही.

तुझे बाबा

ता. क. सरावात खुराडं गेलं. कोंबड्या बाहेर होत्या म्हणून वाचल्या. हे हसले. मला हसता आलं नाही. तू ये. आई.


दि. १५, रविवार

चि. मुली,
तुला आशीर्वाद. आपली ओळख फार नाही, पण तू विचारलंस तसं तोंडावर मला कोणीच विचारलं नव्हतं.

शेळ्यांचं मी सांगितलं होतं. लोकांनी त्यांना हसू नये म्हणून. चाळीस वर्षं गाडी चालवणारा माणूस स्वतःच्याच रानात चुकला, असं कोणी म्हटलेलं मला चाललं नसतं. आमचं रान खाणीच्या पलीकडच्या काठाला आहे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. गाडी उतारावरून येत होती आणि ते क्लचवर उभे होते. अक्षरशः उभे, दोन्ही पायांवर, लगाम ओढल्यासारखे मागे झुकलेले. ट्रॅक्टर काठावरच्या बुंध्याला अडला. ते अडले नाहीत.

इंजिनाच्या बाजूला काळं टोपण आहे, त्यातून वायरी निघतात. त्याखाली अंगठ्याएवढा तुकडा असतो, रोटर म्हणतात त्याला. तो काढला की पेट्रोलचं इंजिन आंधळं होतं, कितीही हँडल मारा. हे त्यांनीच मला शिकवलं होतं. चोराची भीती, म्हणून रोज संध्याकाळी काढून खिशात घालून आणायचे. ते गेल्यावर मी तो काढला आणि बटणांच्या डब्यात ठेवला. कोणी म्हणजे कोणी ती चालवू नये म्हणून.

मग तुझे बाबा गाडी बघायला आले. सीटवर बसले आणि लहान मुलासारखे हसले. मी आत गेले, तुकडा आणला आणि बसवून दिला. सांगायचं होतं, ते न सांगताच हात पुसत आत गेले. रोज ती गाडी खिडकीसमोर नको झाली होती मला, हेही खरं.

आणखी एक. ते कुठल्याही गोष्टीचा जोड ठेवायचे. दुसरा रोटर हत्यारांच्या पेटीत, तपकिरीच्या डबीत असेल. बघ.

लोभ ठेव असं कोणत्या तोंडाने लिहू? नाही ठेवलास तरी चालेल.

शेळीवाली काकू


दि. २२, रविवार, दुपार

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही जेवून ओसरीवर घोरताय आणि मी गोठ्याच्या भिंतीला टेकून हे लिहिते आहे. पाच पावलांवर ट्रॅक्टर आहे, धार लावून आलेलं पातं त्याला जोडलेलं आहे. उद्याची सगळी तयारी तुम्ही केलेली दिसते.

सकाळी मी काकूंचं पत्र तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही सगळं ऐकलंत, मान हलवलीत, आणि म्हणालात की शेळीवाला मुळात घाईचा माणूस होता. मग मी जडत्व सांगितलं, तेही तुम्हाला पटलं. मग तुम्ही आईला म्हणालात की उद्या लवकर उठव, दव असताना पातं चांगलं चालतं. शिकवलं की माणसाला कळतं, कळलं की तो तसं वागतो, यावर माझा फार विश्वास होता, बाबा. त्याच विश्वासावर मी तुमच्याकडे यंत्र घेण्याचा हट्ट धरला होता.

जेवण झाल्यावर मी खाणीकडच्या उतारावर एकटी जाऊन आले. गवत खरंच कमरेएवढं आहे. त्यातून चालताना काठ दिसत नाही. पाणी दिसतं तेव्हा पुढे चारच पावलं उरलेली असतात. मी मोजली. गाडी तुमची दहा जाते.

उद्या सकाळी तुम्ही हँडल मारून दमाल, प्लग पुसाल, मग पेटी उघडाल आणि ही डबी हातात घ्याल, म्हणून हे पत्र घडी घालून डबीतच ठेवते आहे. त्यातला तुकडा शोधू नका. इंजिनातलाही शोधू नका. मडगार्डवरच्या कागदातली चौथी सूचना मी कात्रीने कापून घेतली आहे. तिथे भोक दिसेल, त्याचा राग मानू नका.

विळ्याला मी दगडावर धार लावून ठेवली आहे. शाळेत रजेचा अर्ज देऊन शनिवारी परत येते. तुम्ही, मी आणि आई, तिघांनी मिळून उतार कापू. बी धरेल त्याआधी होईल तेवढं होईल. उरलेल्यासाठी गाईंनी माझ्याकडे बघावं.

रोटर मी जवळ ठेवणार होते. फ्री-व्हील बसलं की परत देईन, असं ठरवून दोन्ही रुमालात बांधलेही. पण शनिवारी तुम्ही स्टँडवर घ्यायला आला असतात, वाटेत काहीतरी बोलून मला हसवलं असतंत, आणि हात पुढे केला असतात. तुम्हाला नाही म्हणणं मला आजवर जमलेलं नाही. नवा रोटर फोरमनकाका त्या भागाबरोबर आणून देतील. जुने दोन्ही मी मघाशी उतारावरून खाणीत टाकले. दोन वेळा हात उचलला. खूप खाली गेले असावेत, आवाज आला नाही.

लोभ कमी झाला तरी मी समजून घेईन. तुम्ही असलात म्हणजे पुन्हा वाढेल.

तुमची लेक