ड्राइव्ह-इन नको म्हटलं होतं

दादा,

आईबाबांसाठी काढलेली थिएटरची तिकिटं टेबलावरच आहेत आणि गाडी जागेवर नाही. बाबांचं ठरलेलंच, "थिएटरच्या खुर्चीत कंबर मोडते, ड्राइव्ह-इनला आपल्याच गाडीत बसून पिक्चर बघताना पाय पसरता येतात."

मागच्या वेळी एसीसाठी इंजिन चालू ठेवलं आणि दोघंही मध्यंतराआधीच झोपली. आईचं डोकं दुसऱ्या दिवशीही दुखत होतं. आज सकाळी मी गाडीखाली वाकून पाहिलं. सायलेन्सरचा पाइप फुटलाय. त्यातला विषारी वायू आत शिरतो, त्याला वास नसतो. सांगितलं तर बाबा हसले, "अगं, पिक्चरच रटाळ होता!"

दोघंही फोन उचलत नाहीत, तुझा लागत नाही. मी टॅक्सीने पुढे जातेय, चिठ्ठी वाचताच ये. अंधारात सगळ्या गाड्या सारख्याच दिसतात. काचा बंद असलेल्या आधी बघ.