तळहातावरचा घोट

देब्रे बिरहान,
२० मेस्केरेम

ती. वुबालेमताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल, एक मी सोडून. पत्र वाचून हसायचं असेल तर दार लावून हस, भाऊजींना ऐकू जाऊ देऊ नकोस. बाटलीतली बिअर पिणारा माणूस तो, घरी आंबवलेल्या तेल्ल्याची फजिती कळली तर वर्षभर चिडवेल.

मेस्केलच्या सणाला सासूबाईंनी पहिल्यांदाच रांजण माझ्या हाती दिला. मोतीबिंदूमुळे त्यांना आता चुलीजवळचं काही धड दिसत नाही. मी जवाला मोड आणले, भाकऱ्या भाजून चुरल्या, गेशोचा कडू पाला कुटला, सगळं आपल्या आईसारखं. रांजणाला धुरी द्यायची वेळ आली आणि बघते तर रानजैतुणाचं लाकूड संपलेलं. अंगणात निलगिरीची फाटी ढिगाने पडली होती. म्हटलं, धूर तो धूर! दिली धुरी.

सणाला शेजारपाजार जमला. रीतीप्रमाणे मी आधी स्वतःच्या तळहातावर थोडा ओतून सगळ्यांदेखत प्यायले, आणि माझं तोंड असं झालं की पुढे कुणी पेला उचललाच नाही. सर्दीचं औषध गं नुसतं! थोरल्या जाऊबाई, देब्रितुबाई, लगेच म्हणाल्या की बरं झालं, यंदा थंडीत कुणी खोकणार नाही. सगळे खो खो हसले. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, तळहातावर घोट घेणारी त्या तेल्ल्याला जामीन असते, आणि असल्या तेल्ल्यापुढे मी माझा तळहात कधी धरणार नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हिदार महिन्यातल्या मिकाएलच्या सणाला गावातल्या भक्तमंडळाच्या बैठकीची पाळी आमच्या घरी आहे. त्या दिवशी सासूबाई मंडळातली आपली जागा सुनेला देणार. तेल्ला मला जमला तर मला, नाहीतर देब्रितुबाई कंबर कसून तयारच आहेत. लग्न होऊन तीन वर्षं झाली, तरी या गावाला मी अजून अदिसची पाहुणीच. ताई, ती जागा मला हवी आहे. लाजून काय करू, हवीच आहे. रांजणाचा वास कसा घालवू ते आधी कळव.

माझ्यावरचा तुझा जीव आहे तसाच राहू दे, त्याला निलगिरीचा वास लागू देऊ नकोस.

तुझी,
असेलेफेच


अदिस अबाबा,
२८ मेस्केरेम

चि. असेलेफेच हिस,
अ. उ. आ.

दार लावून हसले, पण आमच्या भिंती पातळ. तुझ्या भाऊजींनी ऐकलंच. छातीला चोळायला एक बाटली मिळेल का, असं विचारतायत.

अगं बये, निलगिरी? एवढी शिकलीसवरलेली तू, निदान नाक तरी वापरायचंस! असू दे. ग्रावाच्या झुडपाच्या खरखरीत पाल्याने रांजण आतून खसाखसा घास, पालथा न घालता उन्हात तापू दे, वास पुरता जाईपर्यंत पुन्हा पुन्हा घास. मग धुरी दे. रानजैतुणाची लाकडं बसवाल्याबरोबर पाठवली आहेत, उतरवून घे. तेल्ला भरलास की रांजणाचं तोंड मातीने लिंप आणि चुलीशेजारी ठेव. आई तिथेच ठेवायची.

आणि रडत बसू नकोस. धुरी एकदा चुकली, ती आता जन्मात चुकायची नाही. बाकीच्या काय चुका करायच्या असतील त्या हिदारच्या आत उरकून घे.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग. जाऊबाईंना सांगितला नाहीस तरी चालेल.

तुझी ताई


देब्रे बिरहान,
१५ टिकिम्त

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा शब्द पाळला. आणखी एक चूक उरकली.

धुरी झकास लागली, रांजणही चुलीशेजारी ठेवला, पण माझ्या जिवाला स्वस्थता कुठली! आतलं आंबतंय की नाही, वास बरा येतोय की नाही, म्हणून रोज माती फोडायची, डोकावायचं आणि पुन्हा लिंपायचं. झाला त्याचा शिरका. देब्रितुबाई म्हणाल्या की आधी दवाखाना काढलास, आता किराणा दुकान काढ. मीही हसले गं, काय करणार, बाई बोलते मजेशीर. सासूबाईंनी स्वयंपाकघरात एक घोट घेतला, धुरी मात्र चांगली लागलीय एवढंच म्हणाल्या आणि उठून गेल्या.

पण एक लक्षात आलंय. इथली थंडी म्हणजे अदिसची थंडी नव्हे. दिवसा चूल भडकते, रात्री विझली की तीच जागा बर्फ. रांजण एकदा भाजतो, एकदा गारठतो. या खेपेला तो आमच्या निजायच्या खोलीत हलवणार आहे. ताम्रात कुरकुरतोय, पण नवराच माझा, ऐकेल.

आशीर्वाद दे, आणि बोलणी बसणार असतील तर तीही याच टपालाने येऊ देत.

तुझी,
असेलेफेच


अदिस अबाबा,
२२ टिकिम्त

चि. असेलेफेच हिस,
अ. उ. आ.

बोलणी तर बसणारच. चुलीपासून रांजण कुणी हलवतं का? आईने उभ्या जन्मात हलवला नाही. माती फोडू नकोस म्हणजे झालं, नसते प्रयोग करू नकोस. ही शेवटची संधी आहे.

अगदीच धाकधूक वाटली तर पेठेतल्या एखाद्या बाईकडून तेल्ला विकत आण आणि आपल्या रांजणात ओत. कुणाला कळणार आहे? जागा तर मिळेल. मला तुझी काळजी वाटते म्हणून लिहिते, रागावू नकोस.

तुझी ताई


देब्रे बिरहान,
१३ हिदार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं फारसं ऐकलं नाही. विकतचा आणला नाही आणि रांजणही खोलीत हलवला. ताम्रातची जाड शाल त्याला गुंडाळली. तीन वर्षांत बायकोने मला इतकं जपलं नाही, असं तो सगळीकडे सांगत फिरला.

माती फोडली नाही. जीव राहवेना झाला की रांजणाला कान लावून आतली खदखद ऐकायची आणि निमूट कामाला लागायचं. एके दुपारी खोलीत आले तर सासूबाई भिंत चाचपडत तिथवर आलेल्या, आणि त्यांचाही कान रांजणाला! मला पाहून त्यांनी फक्त शाल नीट केली आणि गेल्या.

काल मंडळ जमलं. धर्मगुरूंनी आशीर्वाद दिला, सगळे बसले, देब्रितुबाई अगदी समोर. मी सुरई उचलली. ताई, रीतीप्रमाणे दुसऱ्या हाताचा तळहात पुढे धरला. तेवढ्यात सासूबाईंनी हात लांबवला, चाचपडत माझा तळहात शोधला, तो बाजूला केला आणि तिथे स्वतःचा धरला. म्हणाल्या, इथे ओत.

मी ओतला. त्या प्यायल्या, तळहात पुसला, चेहरा जसाच्या तसा. मग मंडळाला म्हणाल्या की माझी ही सून हव्या तितक्या चुका करते, पण एक चूक दोनदा करत नाही, म्हणून माझ्या जागेवर ही बसेल. मला हुंदकाच आला. त्यानंतर लोक मागून मागून प्यायले. देब्रितुबाईंनीही दोनदा पेला पुढे केला, आणि जाताना हळूच विचारलं की रानजैतुणाची लाकडं थोडी उरलीत का.

सगळे गेल्यावर ध्यानात आलं की या गडबडीत मी एक थेंबही चाखला नव्हता. सासूबाईंना विचारलं, खरं सांगा, कसा झाला होता? त्या म्हणाल्या, गेशो जास्त पडला, कडू झाला, पुढच्या वेळी हात आखडता घे.

ताई, पुढच्या वेळी म्हणाल्या!

भाऊजींना घेऊन ये. पहिला घोट माझ्या तळहातावर.

तुझी,
देब्रे बिरहानची असेलेफेच