पिशवीबाहेरचं पत्र

नांत, १२ ऑक्टोबर १७७९

'पॉली' पकडली गेली! इथे नांगरलेल्या दुसऱ्या जहाजाचा कॅप्टन सेयर सकाळी धक्क्यावरून धावत आला आणि दारातूनच ओरडला. इंग्रजांनी भर समुद्रात गाठली. माणसं जिवंत आहेत, कैदेत आहेत. देवाची कृपा, एवढं तरी बरं.

बार्नबस शेगडीपाशी पिशवी शिवत बसला होता. हात थांबले. पहिला प्रश्न — "आणि टपाल?"

"ते नाही ठाऊक, काका."

"बुडालं असणार. माझी पिशवी आहे ती. एकदा गेली की वर येत नाही. काय गड्या?"

"हो," म्हणालो. हातातला पाव खाली ठेवला.

जाड शिडाचं कापड, तळाशी शिसं, वर मेणाचा दोरा. शत्रू दिसला की कॅप्टननं ती समुद्रात टाकायची, म्हणजे फिलाडेल्फियाला आमच्या कमिटीकडे निघालेलं टपाल त्याच्या हाती लागत नाही. बार्नबस टाके बोटांनी चाचपून घालतो. इंग्रजांशी लढणाऱ्या आमच्या अमेरिकन सैन्यासाठी घोंगड्या, बूट, बंदुकीची दारू घ्यायला कमिटीनं त्याला इथे फ्रान्समध्ये ठेवलंय आणि मला त्याच्या मदतीला. आलेलं सगळं मी मोठ्यानं वाचतो, तो सांगेल ते लिहितो. जेवण एकाच टेबलावर.

'पॉली'वर माझंही एक पत्र होतं. पिशवीत नव्हतं.

१३ ऑक्टोबर

इथे तरी खरं लिहितो.

ऑगस्टमध्ये घोंगड्यांवरून वाजलं. गठ्ठ्यात वरच्या चार चांगल्या, खाली कसर लागलेल्या. मी म्हणालो, उलगडून बघू. बार्नबस चार व्यापाऱ्यांदेखत म्हणाला — "पिंपं ठोकणाऱ्यानं मला लोकर शिकवू नये!" सगळे हसले. मादाम गिलूसुद्धा, आमची घरमालकीण! तिला तर आमची भाषाही कळत नाही.

खोटं काय त्यात? पिंपंच बांधली मी जन्मभर. अक्षरं शिकलो तीही झाकणांवर डागलेली वाचून. पण झोंबलं. त्याच संध्याकाळी कमिटीला लिहिलं — बार्नबस टिलिंगहास्टचा एक डोळा गेला, दुसरा जातोय, व्यापारी त्याला खुशाल फसवतात, त्याच्या जागी दुसरा माणूस नेमावा. दुसरा कोण ते लिहिलं नाही. लिहिलं नाही म्हणून कळत नाही थोडंच!

डोळ्यांचं त्यानं फक्त मला सांगितलं होतं. ईस्टरला, नदीकाठी, माझा दंड धरून. "कुणाला बोलू नकोस गड्या, हे काम गेलं तर मी नुसता म्हातारा."

पिशवी शिवण्याआधी तो एकेक पत्र चाचपतो, हे कुणाचं, ते कुणाचं विचारतो. म्हणून 'पॉली'च्या कॅप्टनला मी माझं पत्र गुपचूप हातात दिलं. म्हटलं, कोटात ठेवा.

२० ऑक्टोबर

बातमी नाही. जेवण जात नाही. मादाम हातवारे करत विचारते — माझ्या कांद्याच्या सुपात काय कमी पडलं? तुझ्या सुपात काही नाही बाई.

२६ ऑक्टोबर

हॉलंडमार्गे लंडनचं वर्तमानपत्र आलं. बार्नबसनं पाय शेगडीकडे केले, सेयर बाकावर पसरला. "चल गड्या, वाच. बघू शत्रू काय म्हणतोय."

धान्याचे भाव वाचले. कुणा उमरावाचं लग्न वाचलं. पान उलटलं — आणि माझे शब्द! माझेच, एकामागून एक, छापील. खाली सही, एलिएझर पिंकम. वर त्यांनी मजेत लिहिलेलं — 'पॉलीच्या कॅप्टनने टपालाची पिशवी समुद्रात फेकली व ती तत्काळ बुडाली. मात्र पुढील पत्र त्याच्या कोटात सापडले.'

मी सरळ खालच्या घोड्यांच्या शर्यतीवर उडी मारली. आवाज फाटला तेव्हा खोकलो.

"संपलं?"

"संपलं."

सेयर उठून बसला. "असं कसं? 'पॉली'वरचं पत्र छापलंय म्हणे! पेपर आणणारा तो हॉलंडवाला धक्क्यावर सगळ्यांना सांगत होता."

"हो... आहे एक. कुणा व्यापाऱ्याचं. साखरेचे भाव, दुसरं काय."

पेपर घडी करून खिशात घातला. वर बघितलं तर बार्नबसचा चेहरा पांढराफटक.

"म्हणजे पिशवी तरंगली," तो म्हणाला. "माझे टाके उसवले."

पिशवी बुडाल्याची ती एक ओळ माझ्या खिशात होती. काढून वाचायची, बस. पण ती वाचली की पुढचंही वाचावं लागणार. मी गप्प बसलो. लाज वाटते असं लिहून काय होतं? गप्पच बसलो.

२९ ऑक्टोबर

तयार झालेल्या सगळ्या पिशव्या त्यानं उसवल्या. दाभण बोटात दोनदा घुसलं. सेयर हसवायला म्हणाला, "काका, शिवायची मजुरी देतो, उसवायची नाही हं!" एरवी बार्नबसनं त्याच्या अंगावर बूट फेकला असता. आज म्हणाला, "कुणाची तरी पत्रं, कुणाची तरी नावं... माझ्यामुळे लंडनच्या चहाच्या दुकानात वाचली जातायत." मग मला — "तू काही लपवत नाहीस ना गड्या? वाईट असेल ते सांग. माझ्यामुळे कुणी पकडलं गेलं का?"

"नाही रे. साखरेचे भाव."

पेपर गादीखाली आहे. जाळायला घेतला होता. जाळवला नाही. का, ते कळत नाही.

२ नोव्हेंबर

सेयरचं जहाज परवा सुटणार. संध्याकाळी बार्नबस म्हणाला, "लेखणी घे. राजीनामा लिहायचाय."

मी म्हटलं, "वेडा आहेस का?"

"डोळे गेले तेव्हा म्हटलं हात आहेत. आता हातही गेले. लिही."

लिहिलं. माझ्या या हातानं! 'माझ्या निष्काळजीपणाने टपाल शत्रूच्या हाती पडले.' शाई सांडली, पुसली, पुढे लिहिलं. शेवटी तो म्हणाला, "आता हे नीट लिही, उगाच लाजू नकोस — माझ्या जागी एलिएझर पिंकम यांस नेमावे. घोंगड्यांच्या बाबतीत त्यांचेच खरे होते, मी त्यांचा चारचौघांत अपमान केला. इतका सरळ माणूस मला दुसरा ठाऊक नाही."

लेखणी थांबली.

"झालं का लिहून?"

"झालं."

मला हवं होतं ते सगळं त्या कागदावर आहे. उद्या दुपारी तो सही करणार. खाली मादामनं माझ्यासाठी मुद्दाम धिरडी केली, वर लोण्याचा गोळा. पोरासारखा तिच्यासमोर रडलो. तिला वाटलं, दाढ दुखतेय. लवंग आणून दिली.

३ नोव्हेंबर

सहीआधी म्हणाला, "काय लिहिलंस ते एकदा वाच." मी गादीखालून पेपर आणला आणि त्यातलं माझं पत्र वाचलं. डोळे, घोंगड्या, दुसरा माणूस. सहीसकट.

बार्नबसनं सहीसाठी घेतलेली लेखणी खाली ठेवली. मग म्हणाला, "ती वरची ओळ. पिशवीची."

"'टपालाची पिशवी समुद्रात फेकली व ती तत्काळ बुडाली.'"

"परत."

परत वाचली. तो हसला, अगदी तोंडभर. राजीनामा माझ्या हातातून चाचपून घेतला, फाडला, शेगडीत टाकला. दाभण उचललं.

"आता तू जा, एलिएझर," म्हणाला.

गड्या म्हणाला नाही.