सटवीसाठी पान

लालमती, १२ मे १९८६
मीनाला क्वात्र बॉर्न गावातल्या खाजगी दवाखान्यात नेले. सहावा महिना. सोनोग्राफी. डॉ. पुन्हा पुन्हा एकाच जागी यंत्र फिरवू लागले, तेव्हाच समजले. बाळाच्या बेंबीशेजारी भोक आहे, आतडी बाहेर, पाण्यात मोकळी. बाकी सगळे जागच्या जागी.
"की पू फेर, आई?" घाबरली की माझी मुलगी इथल्या क्रेओल बोलीवर जाते. काय करायचे ते मला तरी कुठे माहीत. म्हटले, मराठीत विचार. ही काय वेळ होती बोलायची.

१३ मे
१९५५. पहिला मुलगा. सुईण म्हणाली, पोट उघडे आहे, बघू नको. फडक्यात गुंडाळून बाहेर नेला. पुण्याहून बी.ए. होऊन आलेली मी, निमूट ऐकले. तासभर होता. रडणे ऐकले, तोंड नाही पाहिले. ह्यांनी उसाच्या बांधाशी पुरला.
मीनाला कधी सांगितले नाही. माझ्याकडूनच तर हे तिच्या बाळात...

१९ मे
बसने एकटीच डॉ.कडे. ५५चे सांगितले. म्हणाले, त्या मुलाला नेमके काय होते ते आता कोणी सांगू शकणार नाही. पण मीनाच्या बाळाचे आहे ते सहसा आईकडून येत नाही. आधी कळले हे बरे. जन्मताच आतडी स्वच्छ ओल्या कापडात झाकायची, लगेच ऑपरेशन. बाळंतपण शेजारच्या रेयुनिओं बेटावर करा, तिथे तान्ह्या मुलांचे सर्जन आहेत. बरीच मुले जगतात. बरीच म्हणजे किती, विचारायचे राहिले. राहिले नाही, विचारले नाही.

८ जून
सातवा लागला. देवळातल्या बायका ओटीभरण कधी म्हणून विचारतात. कामे आहेत म्हणून टाळले. हिरवी साडी कपाटात तळाशी. उद्या काही झाले तर ती साडी कोणाच्या नजरेला पडायला नको.
दुपारी मीनाला सापडली. साडी मांडीवर घेऊन बसली होती.
"माजी ओटी नाय भरनार तू? तिबाबा तर जित्ता हाय, आई."
तिबाबा म्हणते ती बाळाला. पोटावर हात होता तिचा.

९ जून
ओटी भरली. दोघीच. तांदूळ, नारळ, हळकुंड, हिरव्या बांगड्या. तांदूळ सांडले. मग ५५चे सगळे सांगितले.
"म्हंजे मला दादा होता. नाव काय ठेवलंस त्याचं?"
ठेवले नव्हते. इतक्या वर्षांत कोणी विचारलेही नव्हते.

२० जुलै
मीना आणि जावई विमानाने गेले. माझा पासपोर्ट आला नाही. अर्जच उशिरा दिला. निघायची वेळ येणारच नाही, डॉ. चुकले असतील, असे धरून बसले होते. आणि शाळेत उशिरा येणाऱ्या मुलांना मी वर्गाच्या दाराबाहेर उभे करते.
तिची खोली झाडली. करायला दुसरे काही नव्हते.

३ ऑगस्ट
कोपऱ्यावरच्या चिनी दुकानात मला फोन आला. मुलगा. पहाटे झाला. आतडी पोटात एकदम मावली नाहीत, वर पारदर्शक पिशवी बसवली आहे. रोज थोडी थोडी आत सरकवणार.
मीना स्वतः बोलली. "बघितला मी त्याला, आई. पिशवीपन बघितली. नाक तुजं हाय."
दुकानदाराने स्टूल दिले. बसले नाही. घरी येऊन आरशात नाक पाहिले. म्हणजे त्याचेही असेच असेल का, ५५च्या बाळाचे?

६ ऑगस्ट
जावयांचा फोन. निम्मी आतडी आत गेली. बाळाच्या अंगात ताप. दूध नाही, सगळे सलाइनवर. मीनाला दूध येते, ते पिळून टाकते म्हणाले. ह्यांना जेवण गेले नाही. मलाही.

८ ऑगस्ट
सहावा दिवस. ५५ला हा दिवस आलाच नाही.
ताप उतरलेला नाही. तरी उद्या सकाळी राहिलेली आतडी आत घालून पोट शिवायचे म्हणतात.
आज सटवी बाळाचे नशीब लिहायला येते म्हणून बाया पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. वर्गात मी ह्याला अडाणीपणा म्हणते. दिवेलागणीला पाट मांडला, पश्चिमेला, रेयुनिओंच्या बाजूला. हळदकुंकू वाहिले. हे दारात उभे होते.
वेगळा कागद घेतला नाही. हीच वही पाटावर उघडी ठेवते, पेन वर. इथून खालचे पान तिचे.