दहा थापा आणि एक टिचकी

कार्तिक वद्य पंचमी, १९६३

प्रिय सुभी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचून सहा दिवस झाले. भाई पोस्टमनाने अंगणात उभं राहून वाचून दाखवलं, मग मी त्याच्याकडून घेतलं नि दुपारभर माझं मी लावलं. आठ पानं! अगो, माझ्या नातीने आठ पानांचं पत्र लिहिलं नि ते मला वाचता आलं, या आनंदात मी भाईला दोन वाट्या पोहे दिले आणि कोंबड्यांना दाणे टाकायचं विसरले. भाई म्हणाला, काशीबाई, उत्तर सांगा, मी लिहून देतो. मी म्हटलं, नको रे बाबा, हे उत्तर दुसऱ्याच्या हाताने लिहायचं नाही. तेव्हा आज चौथा दिवस मी या कागदावर बसले आहे. काना-मात्रा चुकला तर हसू नकोस. पत्र पुस्तकी भाषेत लिहायचं असतं असं आमच्या मास्तरांनी शिकवलं होतं, म्हणून तसं लिहिते. मधेच जीभ घसरली तर घसरूंदे.

इकडे सगळं बरं. भात झोडून झालं. तांबू गाय व्याली, पाडी झाली, कपाळावर चांदणी आहे. तुझ्या आजोबांचा खोकला तसाच, आणि दाजी पण तसेच.

तुझा निबंध वर्गात वाचून दाखवला, बाईंनी पैकीच्या पैकी गुण दिले, हे वाचून मी एकटीच हसत बसले. अमेरिका कुठे आहे मला ठाऊक नाही. भाई म्हणाला, आपल्या दर्यातून सरळ गेलं तर आधी आफ्रिका लागते, ती ओलांडून आणखी एक दर्या, मग अमेरिका. एवढ्या लांबची गोष्ट तू ग्रंथालयातल्या मासिकात वाचलीस, काळ्या माणसांचा नळ वेगळा, बसमधला बाक वेगळा, शाळा वेगळी. एवढीशी मुलगी दप्तर घेऊन शाळेत जाते नि मोठमोठ्या बाया रस्त्यात उभ्या राहून तिला शिव्या घालतात. तुला रात्रभर झोप आली नाही म्हणतेस. आणि ते गाण्याचं वाचून तर माझंच डोकं तापलं. तिकीट काढून ज्याचं गाणं ऐकायचं त्याला आत घ्यायचं स्वयंपाकघराच्या दाराने! गाणं पुढच्या दाराने आणि गाणारा मागच्या दाराने. मी चुलीपुढे बसून त्या लोकांना अशा शिव्या दिल्या की मांजर उठून गेलं.

मग पुढचं पान आलं.

सीता उठली आणि सगळ्या वर्गासमोर तुला विचारलं, सुभद्रा, तुमच्या गोठ्याच्या वळचणीला माझ्या आजोबांची करवंटी खोचलेली आहे, ती तुझ्या निबंधात कितव्या पानावर आली? त्या दिवसापासून सीता तुझ्याशी बोलत नाही, संमेलनात दोघी मिळून गाणार होतात ते गाणंही तिने सोडलं. तू मला विचारतेस, आजी, खरंच आहे का ती करवंटी? माझं काय चुकलं?

आहे गो. खरंच आहे. तू लहानपणापासून तिच्याखालून वासराला हात लावायला जात होतीस, तुला कधी दिसली नाही इतकंच. सीतेचा आजोबा बाबली ढोलवाला अंगणात आला की ती काढायची, त्याने ती स्वतः विसळायची, मी वरून चहा ओतायचा, हात लांब धरून, थेंब उडू नये म्हणून. पंचेचाळीस वर्षं मी असा चहा ओतला. माझ्या सासूने दाखवलं तसा. एकदाही माझा हात थरथरला नाही, याचाच मला आता राग येतो.

आणि राग एकट्या माझा नाही. या गावाचा येतो, त्या मानकऱ्यांचा येतो. पालखी बाबलीच्या ढोलाशिवाय उचलत नाहीत. पहिली थाप पडल्याशिवाय देव उठत नाही म्हणतात. बरं, मग बाबली कुठे? देवळाच्या शेवटच्या पायरीच्या खाली. पावसापाण्यात, थंडीत, चिखलात. ढोलाचं कातडं देवाला चालतं, ते वाजवणारा हात चालत नाही! प्रसाद द्यायचा तो वरून टाकायचा. हे मी साठ वर्षं बघते आहे नि हात जोडून उभी राहते आहे. अमेरिकेतल्या त्या बायांना मी शिव्या दिल्या, पण त्या बाया निदान तोंडाने बोलत तरी होत्या. आम्ही गोड हसून वरून ओतत होतो.

हे मी दाजींना म्हटलं तर पानाची पिंक टाकून म्हणाले, "चेडवांका शाळेत धाडलास, आता भोगा." मी म्हटलं, दाजीनू, मुलींचं राहूंदे, तुम्ही चार इयत्ता शिकलात तरी काय दिवे लावलेत? घरात दोन दिवस कोणी बोलत नाही आता. बरं झालं, शांतपणे लिहिता येतं.

आता शाळेचं सांगते. माझं माहेर वरच्या वाडीत नि सासर मधल्या, त्यामुळे माझी शाळा, माझं लग्न, सगळं याच गावात. दीड वर्ष शाळेत गेले, पुढे लग्न ठरलं नि शाळा सुटली. त्या शाळेच्या पडवीबाहेर एक जांभ्याची पायरी होती. त्या पायरीवर खालच्या वाडीतला एक मुलगा बसायचा, बाबली. आत यायचं नाही, पाटी द्यायची नाही, मास्तर काय बोलतात ते दारातून ऐकायचं. मी दाराशेजारी बसायचे. तो ऐकलेले पाढे बोटांनी पायरीवर वाजवायचा. पुरा आकडा म्हणजे थाप, अर्धा म्हणजे टिचकी. सगळ्या शाळेत दिडकी, म्हणजे दीडाचा पाढा, येत होती ती त्याला एकट्याला, नि मास्तरांना.

तर एकदा दिपोटी साहेब तपासणीला आले. मला उभं केलं. सात दिडे किती? माझ्या डोक्यात नुसता दर्या. तेवढ्यात बाहेरून आलं, एक दोन तीन करत दहा थापा, आणि एक टिचकी. मी म्हटलं, साडेदहा. नऊ दिडे? तेरा थापा नि एक टिचकी. साडेतेरा. साहेब खूश. लाकडी चौकटीची कोरी दगडी पाटी मला बक्षीस दिली.

तीच गो, देवघराशेजारी खिळ्याला टांगलेली. तू लहान असताना तिच्याकडे बोट करून म्हणायचीस, माझी आजी पहिली आली होती. मी म्हणायचे, हो. आल्यागेल्यालाही सांगायचे.

आणि जत्रेत पालखी आपल्या अंगणात थांबली की ढोल बंद होण्याआधी दहा थापा नि एक टिचकी पडायची, आठवते? तू त्यावर उडी मारायचीस. विचारायचीस, आजी, शेवटची टिचकी कसली? मी म्हणायचे, देवाची. सगळ्या गावाला वाटतं, बाबलीची ती वाजवायची तऱ्हा आहे. दुसऱ्या कुठल्याही अंगणात ती पडत नाही, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं. दर वर्षी येत होतं. दर वर्षी मी ओवाळणीचं तबक घेऊन आत जायचे.

तुझं पत्र वाचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बाबलीला बोलावलं. पडवीत पाट मांडला. तुझ्या बापाने मुंबईहून आणलेला निळ्या फुलांचा कप काढला, बशी काढली. दाजी उठून गेले. बाबली पडवीच्या कडेला उभा राहिला, कपाकडे बघत राहिला, आणि हसला. मला वाटलं, झालं, मिटलं. तर म्हणतो कसा, "बाये, पंचेचाळीस वर्सां करवंटीतसून प्यालंय. आता ह्या कपाचो कान माज्या बोटात बसाचो नाय." आणि उजवा हात पुढे केला. करंगळी वाकडी आहे त्याची, तू पाहिली आहेस. चहा तसाच निवला. वर म्हणाला, यंदा जत्रेत ढोल वाजवणार नाही, खुंटीला टांगला आहे. सीतेने पत्र घातलं आहे, आजोबा, पायरीच्या खाली उभे राहू नका. आता मानकरी खारेपाटणचे वाजंत्री बघायला धावतायत. जत्रा आठ दिवसांवर. बघूया देव उठतो का!

मला एवढा राग आला, सुभी, खोटं कशाला सांगू, पहिला राग त्याचा आला. मी एवढा कप काढला नि हा पीत नाही! रात्री जेवण गेलं नाही. मग ज्या गोष्टीचा राग यायला हवा होता ती आठवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खिळ्यावरची पाटी काढून पदराखाली घेतली नि खालच्या वाडीत गेले. जन्मात पहिल्यांदा. दोन शेतं ओलांडली की आहे ती वाडी, अमेरिका नव्हे.

आता जे राहिलं ते लिहिते. चार दिवस लागले ते याच्यासाठी. साडेतेरा झाल्यावर दिपोटी साहेबांनी विचारलं होतं, बाहेर टकटक कोण करतो? कोणी बोललं नाही. मी बोट दाखवलं. आठ वर्षांची होते, पण बोट माझंच होतं. साहेब गेल्यावर मास्तरांनी छडी लांबून फेकून मारली, जवळ गेले तर विटाळ होईल ना! ती त्याच्या करंगळीवर बसली. दुसऱ्या दिवसापासून पायरी रिकामी. माझ्या हातात पाटी. बाबलीसमोर पाटी ठेवली तेव्हा त्याने ती उचलली नाही. म्हणाला, "माका कित्याक? माजी शाळा कवाच सरली. सीतेक दी. पण सगळ्यांदेखत दी. बोट सगळ्यांदेखत दाखयलेलंस." तो बोलला ते बरोबर आहे. मला सावंतवाडीला तुझ्या शाळेत येववत नाही, गुडघे गेले. म्हणून हे पत्र. गणपत कंडक्टरच्या हातून पाटी पाठवते आहे, धोतराच्या फडक्यात बांधून, सोबत कुळथाचं पीठ आहे ते मात्र तुझं. ज्या वर्गात निबंध वाचलास त्याच वर्गात उभी राहा नि हे पत्र वाच, पहिल्यापासून, करवंटी आणि बोट न वगळता. माझं नाव घे. काशीबाई, असं स्पष्ट घे. मग पाटी सीतेच्या हातात दे. माफी मागून तिला पेचात टाकू नकोस, आणि माझ्याबरोबर गा असं तर मुळीच म्हणू नकोस. ती गायली तर खाली बसून ऐक. नाही गायली तरी बसून राहा. तुझे गुण कमी केले तर करूंदेत. तू विचारलंस, माझं काय चुकलं. पोरी, तू विचारलंस हेच बरोबर केलंस, माझ्या साठ वर्षांत मी ते केलं नाही. करवंटी मी चुलीत घातली. भराभर जळली. पाटीचा खिळा तसाच ठेवला आहे, त्यावर काही टांगणार नाही.

तुझीच,
जिला दिडकी अजून येत नाही ती
आजी